आकाशवाणीच्या संकेतधुनीचा रचनाकार : वाल्टर काउफमान यांचे जीवन व सांगीतिक कार्य

प्रस्तावना

पनवेल-रोहा लोहमार्गावरील जिते हे पेण परिसरातील एक लहान गाव. मुंबई केंद्राच्या प्रक्षेपण-कक्षेतील अशा असंख्य गावांत, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्या घरात वा चावडीवर रेडिओ असे तेथे पहाटेची चाहूल आकाशवाणीच्या संकेतधुनीने लागत असे. तंबोऱ्याच्या अखंड नादावर उमटणारी व्हायोलिनची ती छोटी सुरावट अनेक पिढ्यांच्या कानांत बसलेली आहे. बाजारभाव, बातम्या, भक्तिगीते यांच्या आधी येणारी ही धून इतकी परिचित झाली की तिला कोणी रचनाकार असेल, हा प्रश्नच सहसा कोणाच्या मनात आला नाही.

या धुनीचे कर्तृत्व सर्वसाधारणपणे वाल्टर काउफमान यांच्याकडे दिले जाते. अधूनमधून अन्य नावांचाही उल्लेख होतो. तथापि काउफमान यांच्या चरित्राचा व संगीताचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यांचेच कर्तृत्व ग्राह्य मानले आहे. हे गृहस्थ बर्लिन व प्राग येथे शिकलेले जर्मनभाषक ज्यू संगीतरचनाकार, वाद्यवृंदसंचालक व संगीतशास्त्रज्ञ होते. 1934 ते 1946 अशी बारा वर्षे त्यांनी मुंबईत काढली. प्रस्तुत लेखात त्यांच्या जडणघडणीचा, मुंबईतील कार्याचा व पुढील संशोधनाचा परिचय करून दिला आहे. तसेच एवढे कार्य करूनही त्यांचे नाव संगीताच्या इतिहासात दीर्घकाळ दुर्लक्षित का राहिले, या प्रश्नाचाही विचार केला आहे.

जन्म व जडणघडण

काउफमान यांचा जन्म 1 एप्रिल 1907 रोजी बोहेमियातील कार्ल्सबाड येथे झाला. त्या वेळी हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो चेकोस्लोव्हाकियात गेला आणि आज हे गाव झेक प्रजासत्ताकात कार्लोव्ही व्हारी या नावाने ओळखले जाते. त्यामुळे काउफमान यांना ‘जर्मन’ म्हणताना हे विशेषण राष्ट्रीयत्वाचे नसून भाषेचे व सांगीतिक परंपरेचे आहे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

त्यांचे उच्च संगीतशिक्षण बर्लिनच्या राजकीय संगीत महाविद्यालयात झाले. फ्रान्झ श्रेकर हे 1920 ते 1932 या काळात त्या संस्थेचे संचालक होते. श्रेकर हे त्या काळातील आधुनिक जर्मन ऑपेराचे अग्रगण्य रचनाकार. एर्न्स्ट क्रेनेक व आलोइस हाबा यांसारखे प्रयोगशील रचनाकार त्यांचेच शिष्य होत. याच बर्लिनमध्ये 1926 पासून आर्नोल्ड शोएनबर्ग प्रशियन कला अकादमीत रचनाशास्त्र शिकवीत होते. सप्तकातील बाराही स्वरांना समान स्थान देणारी त्यांची बारा-स्वर पद्धती म्हणजे रूढ स्वरकेंद्रालाच दिलेला नकार होता. ‘अवाँ-गार्द’ या संज्ञेने संगीतात जे सूचित होते, त्याचा एक मुख्य उगम या वातावरणात आहे.

बर्लिनमध्येच काउफमान यांना कुर्ट झाक्स यांच्याकडे संगीतशास्त्राचे शिक्षण मिळाले. भारतीय वाचकांच्या दृष्टीने हा संबंध विशेष महत्त्वाचा आहे. एरिख फोन हॉर्नबोस्टेल यांच्यासह झाक्स यांनी 1914 साली वाद्यांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, ते जगभर प्रमाण मानले गेले. ध्वनी कोणत्या घटकाच्या कंपनातून उत्पन्न होतो, या तत्त्वावर त्यांनी वाद्यांचे चार वर्ग केले. भरताच्या नाट्यशास्त्रातील तत, सुषिर, अवनद्ध व घन या चतुर्विध विभागणीशी त्याचे साम्य उघड आहे. भारत व इंडोनेशिया येथील वाद्यांवर झाक्स यांचा स्वतंत्र ग्रंथही होता. मुंबईच्या बंदरावर उतरण्यापूर्वी काउफमान यांच्या अभ्यासात भारत अशा रीतीने प्रविष्ट झाला होता.

पुढे ते प्रागच्या जर्मन विद्यापीठात गेले. विख्यात वाद्यवृंदसंचालक ब्रूनो वाल्टर यांचे साहाय्यक म्हणूनही त्यांनी काम केले. विद्यापीठातील डॉक्टरेटसाठी त्यांनी गुस्टाफ मालर यांच्या संगीतावर प्रबंध सिद्ध केला होता. परंतु आपले मार्गदर्शक गुस्टाफ बेकिंग हे नात्सी चळवळीशी संबंधित असल्याचे कळताच त्यांनी ती पदवी स्वीकारण्यास नकार दिला, असे त्यांच्या चरित्रात नमूद केले जाते. ज्या पदवीवर अध्यापनाचे भवितव्य अवलंबून होते, तिचा सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी केलेला हा त्याग त्यांच्या स्वभावाची साक्ष देतो. 1933 साली जर्मनीत हिटलरची सत्ता आल्यावर झाक्स यांना पदावरून दूर करण्यात आले. श्रेकर यांना त्याआधीच संचालकपद सोडावे लागले होते. 1934 साली त्यांचे निधन झाले. ज्या परंपरेत काउफमान घडले, ती डोळ्यांदेखत मोडून पडत होती.

मुंबईतील आगमन आणि चेंबर म्युझिक सोसायटी

1934 साली काउफमान मुंबईस आले. चित्रपट-दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्याशी त्यांचा परिचय होता व प्रवेशपरवाना मिळणेही तुलनेने सुलभ होते. वास्तव्य तात्पुरते असावे अशीच कल्पना होती. युरोपातील परिस्थितीने ते बारा वर्षे लांबले. त्यांच्या पत्नी गेर्टी या कादंबरीकार फ्रान्झ काफ्का यांच्या भाची होत. काफ्कांच्या तिन्ही बहिणी पुढे नात्सी अत्याचारात मारल्या गेल्या, एवढ्या एका गोष्टीवरून परतीचा मार्ग कसा बंद झाला होता याची कल्पना येते.

मुंबईत येताच, 1934 सालीच, त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटीची स्थापना केली. ‘चेंबर’ संगीत म्हणजे दोन-चार ते आठ-दहा वादकांनी लहान दालनात सादर करावयाचे संगीत. त्यात प्रत्येक वादकाचा भाग स्वतंत्र असतो. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी या संस्थेचे कार्यक्रम होत. पियानोवर काउफमान, व्हायोलिनवर मेहली मेहता व चेलोवर इटालियन वादक एदिजिओ व्हेर्गा असा प्रारंभीचा संच होता. अवघ्या तीन वर्षांत संस्थेचे शंभराहून अधिक कार्यक्रम झाले. मेहली मेहता यांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची उभारणी केली. पुढे जगप्रसिद्ध झालेले वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहता हे त्यांचे पुत्र. त्यांचा जन्म 1936 सालचा. ज्या घरात झुबिन वाढले त्या घरातील संगीताच्या वातावरणात या उपक्रमाचाही वाटा होता, असे म्हणता येते.

त्या काळी मुंबईत युरोपातून परागंदा झालेल्या जर्मनभाषक कलावंतांचा व जाणकारांचा एक लहानसा वर्ग जमला होता. वाल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फोन लायडन व इमॅन्युएल श्लेसिंजर यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील चित्रकारांना दिलेला आधार मराठी कलासमीक्षेत सुपरिचित आहे. प्रागचे साहित्यिक विली हास यांनी मुंबईत भवनानी यांच्यासाठी पटकथा लिहिल्या. काउफमान यांनीही चित्रपटांसाठी व युद्धकाळात माहितीपटांसाठी संगीत दिले. चित्रकलेतील या संबंधांची जेवढी दखल घेतली गेली, तेवढी संगीतातील संबंधांची घेतली गेली नाही.

ऑल इंडिया रेडिओ आणि संकेतधून

मुंबईतील नियमित प्रसारण 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केले. ती कंपनी बुडाल्यावर 1930 साली सरकारने सेवा ताब्यात घेतली व जून 1936 मध्ये तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. या नव्या संस्थेला स्वतःची ओळख देणारी धून हवी होती. 1936 च्या सुमारास सिद्ध झालेल्या या धुनीत व्हायोलिन मेहली मेहता यांनी वाजविले असे मानले जाते. 1937 पासून 1946 पर्यंत काउफमान मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताच्या विभागाचे प्रमुख होते.

ही धून शिवरंजनी रागावर आधारलेली असल्याचे सांगितले जाते. षड्ज, ऋषभ, कोमल गंधार, पंचम व धैवत हे या रागाचे पाच स्वर. मध्यम व निषाद वर्ज्य. रागविस्ताराची अपेक्षा काही सेकंदांच्या धुनीकडून करता येत नाही. तरीही तिच्यातील एक निवड विचारात घेण्यासारखी आहे. युरोपीय रचनाकाराच्या हाती सुरावट आली की तिच्याखाली बदलत्या स्वरसंघांची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या जुळणीची, योजना करणे हा स्वाभाविक मार्ग असतो. रागसंगीतात मात्र प्रत्येक स्वराचा अर्थ स्थिर षड्जाच्या संदर्भात ठरतो. खालचे स्वरसंघ बदलत गेले तर हा संदर्भच हलतो आणि तोच कोमल गंधार वेगळा भासू लागतो. या धुनीत स्वरसंघांच्या जागी तंबोरा आहे. रचनाकाराने आपल्या परंपरेतील सर्वांत सामर्थ्यवान साधन येथे वापरलेले नाही, आणि त्यामुळेच ही धून भारतीय श्रोत्याला परकी वाटली नाही.

व्हायोलिनची निवडही तितकीच समर्पक होती. पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात; दोन पट्ट्यांमधील स्वर त्यावर मिळत नाही. व्हायोलिनवर पडदे नसल्यामुळे मींड व सूक्ष्म स्वरस्थाने साधता येतात. या प्रश्नावर त्या काळी रेडिओमध्ये तीव्र वाद चालू होता. दिल्ली केंद्रावर काम करणारे इंग्रज रचनाकार जॉन फाउल्ड्स हे हार्मोनियमचे कठोर टीकाकार होते. 1939 साली कलकत्त्यात त्यांचा मृत्यू झाला आणि 1940 साली ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली. ती पुढे तीन दशके टिकली. युरोपातून आलेल्या वाद्यांपैकी व्हायोलिन भारतीय संगीतात सामावले आणि हार्मोनियम वादग्रस्त ठरले, यामागे स्वरांतरांचे हे शास्त्रीय कारण आहे.

आकलनाचा मार्ग

मुंबईत प्रथम ऐकलेल्या भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका काउफमान यांना दुर्बोध वाटल्या होत्या. तथापि ज्या संगीताला एवढा मोठा समाज बुद्धीने व भावनेने प्रतिसाद देतो, ते निरर्थक असणे शक्य नाही. उणीव असलीच तर ती ऐकणाऱ्याच्या तयारीत असली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. वसाहतकालीन युरोपीय श्रोत्यांचा सर्वसाधारण कल पाहता ही भूमिका निराळी ठरते. अपरिचित संगीताला ‘प्राथमिक’ ठरवून मोकळे होण्याऐवजी त्यांनी ते शिकण्याचे ठरविले.

त्यांचे लक्ष केवळ शास्त्रीय संगीतापुरते मर्यादित राहिले नाही. मध्य भारतातील गोंड व बैगा जमातींच्या गीतांवरील त्यांचा निबंध 1941 साली ‘म्युझिकल क्वार्टर्ली’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माडिया व मुरिया गोंडांची गीते व वाद्ये यांवरील त्यांचे लेख 1960-61 मध्ये ‘एथ्नोम्युझिकॉलॉजी’ या नियतकालिकात आले. ज्या काळात आदिवासी गीतांचा अभ्यास प्रामुख्याने शब्दार्थाच्या अंगाने होत असे, त्या काळात त्यांतील स्वर, लय व वाद्यरचना यांची नोंद करण्याचा हा प्रयत्न होता.

या काळातील रचनांतही हा अभ्यास उतरला. ‘अनसूया’ ही त्यांची रेडिओसाठी लिहिलेली ऑपेरा 1939 साली मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली. भारतातील पहिली रेडिओ-ऑपेरा म्हणून तिचा उल्लेख केला जातो. 1945 साली त्यांनी पियानो व लहान वाद्यवृंदासाठी ‘नवरत्नम’ ही रचना केली. या संगीतात रागाची नक्कल नाही. मर्यादित स्वरसमूह, स्थिर आधारस्वर, विषम मात्रागट व पुनःपुन्हा फिरून येणारी स्वरवाक्ये ही भारतीय तत्त्वे युरोपीय वाद्यांच्या भाषेत मांडली आहेत. बर्लिनमधील त्यांच्या समकालीनांनी रूढ स्वरव्यवस्था ओलांडण्यासाठी बारा-स्वर पद्धतीचा अवलंब केला. काउफमान यांनी त्याच कोंडीतून रागाच्या मार्गाने वाट काढली. स्वरकेंद्र नाकारण्याऐवजी ते अधिक दृढ करणे हा त्यांचा प्रयोग होता. या अर्थाने त्यांना प्रयोगशील म्हणता येते. मात्र अवाँ-गार्दच्या रूढ व्याख्येत ते बसत नाहीत.

पाश्चात्त्य जगातील कार्य व ग्रंथलेखन

1946 साली काउफमान यांनी मुंबई सोडली. इंग्लंडमध्ये काही काळ बीबीसीसाठी वाद्यवृंदसंचालन केल्यावर ते कॅनडात हॅलिफॅक्स येथे गेले. 1948 ते 1957 या काळात ते विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक होते. अमेरिकेतील बॉस्टन पॉप्स वाद्यवृंदाने 1948 साली सादर केलेली ‘मद्रास एक्स्प्रेस’ ही त्यांची रचना भारताची आठवण देणाऱ्या नावाची होती. 1957 पासून त्यांनी इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्राचे अध्यापन केले. 9 सप्टेंबर 1984 रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

याच काळात त्यांचे महत्त्वाचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. आशियातील स्वरलेखन-पद्धतींवरील ग्रंथ 1967 साली, ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ 1968 साली, तिबेटी बौद्ध पठणावरील ग्रंथ 1975 साली व ‘द रागाज ऑफ साउथ इंडिया’ 1976 साली प्रकाशित झाला. यांपैकी उत्तर भारतीय रागांवरील सहाशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. त्यातील रागांची मांडणी पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांना अनुसरून केलेली आहे. भातखंडे यांनी आपला ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा ग्रंथ मराठीत लिहिला व त्यासाठी देशभर हिंडून उस्तादांकडील बंदिशींचा संग्रह केला. 1936 साली मुंबईतच त्यांचे निधन झाले. म्हणजे काउफमान मुंबईत येऊन दोन वर्षे झाली होती. मराठीत सिद्ध झालेली एक ज्ञानव्यवस्था इंग्रजीतून अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोहोचली, त्या प्रवासातील काउफमान हे एक महत्त्वाचे माध्यम होते.

भातखंडे यांच्या थाटपद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप या ग्रंथालाही लागू पडतात. दहा थाटांत सर्व राग समाधानकारकपणे बसत नाहीत. शिवाय पाश्चात्त्य स्वरलेखनात स्वरांमधील सूक्ष्म आंदोलन पूर्णपणे उतरविता येत नाही. स्वरलेखन हे प्रत्यक्ष गायनाची जागा घेऊ शकत नाही, ही मर्यादा असल्या कोणत्याही ग्रंथाचे मूल्यमापन करताना लक्षात ठेवावी लागते. मात्र वादी-संवादी, आरोह-अवरोह व रागवाचक स्वरसंगती यांची एकत्र व तुलनात्मक नोंद म्हणून त्याचे संदर्भमूल्य कायम आहे.

उपेक्षेची कारणे

एवढ्या विविध कार्यानंतरही काउफमान यांचे नाव विस्मृतीत का गेले? पहिले कारण ऐतिहासिक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन अवाँ-गार्दचा इतिहास 1946 साली सुरू झालेल्या डार्मश्टाट येथील उन्हाळी अभ्यासवर्गांभोवती व कार्लहाइन्झ श्टोकहाउझन यांच्या पिढीभोवती लिहिला गेला. 1933 नंतर देशोधडीला लागलेल्या रचनाकारांना त्या कथनात फारसे स्थान उरले नाही. दुसरे कारण भारतीय संगीतेतिहासाच्या पद्धतीत आहे. आपला इतिहास घराणी, गुरुपरंपरा व चित्रपटसंगीत यांच्या आधारे लिहिला जातो. रेडिओच्या पाश्चात्त्य विभागात काम करणारा परका रचनाकार यांपैकी कोणत्याच प्रकरणात बसत नाही. तिसरे कारण धुनीच्या स्वरूपातच आहे. संकेतधून संस्थेची ओळख बनते आणि ती जितकी यशस्वी, तितका तिचा रचनाकार अदृश्य होतो.

अलीकडच्या काळात ही उपेक्षा काही प्रमाणात दूर होत आहे. टोरंटो येथील एआरसी आन्साम्बल या वादकसमूहाने परागंदा रचनाकारांच्या मालिकेत काउफमान यांच्या चेंबर रचना ध्वनिमुद्रित केल्या व 2020 साली त्या प्रकाशित झाल्या. भारतात लिहिलेले संगीत अशा रीतीने सुमारे आठ दशकांनी जगासमोर येत आहे.

समारोप

काउफमान यांच्या कार्याकडे एका विद्याशाखेच्या चौकटीतून पाहिले तर प्रत्येक वेळी ते अपुरे दिसते. रचनाकार म्हणून ते अल्पपरिचित, रागशास्त्राचे अभ्यासक म्हणून ते परके, आणि लोकसंगीताचे संकलक म्हणून त्यांचे काम मोजक्या निबंधांपुरते. स्थलांतराचा इतिहास, प्रसारमाध्यमांचा अभ्यास, संगीतशास्त्र व मानवशास्त्र एकत्र आणल्यावरच त्यांचे पूर्ण चित्र उभे राहते.

स्थानिक पातळीवर यातून एक प्रत्यक्ष कार्य सुचते. पेण-रोहा परिसरातील आगरी विवाहविधींत धवलारीण गाते ते धवले, तसेच कातकरी व ठाकर समाजांची गीते यांचा अभ्यास मराठी विभागांतून बहुधा शब्दसंहितेपुरता होतो. त्यांच्या चाली, लय व आधारस्वर यांची नोंद क्वचितच घेतली जाते. आणि गाणाऱ्या वृद्ध स्त्रियांबरोबर या चालीही लोप पावत आहेत. मराठी, समाजशास्त्र, इतिहास व भौतिकशास्त्र या विभागांना एकत्र येऊन अशा गीतांचे ध्वनिमुद्रण, स्वरलेखन व स्वरांतरांचे मापन करता येईल. त्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ऐकणाऱ्याची तयारी अपुरी असू शकते हे मान्य करून अभ्यासाला प्रारंभ करणे, ही काउफमान यांची भूमिका अशा कार्याला आजही उपयुक्त ठरणारी आहे.